म्हसरांच्या वाटा

आत्याला फुलांची नावं येत नव्हती. कास पठाराच्या कडेला वसलेल्या एका लहानशा गावात तिचा सगळा संसार झाला, पण ज्या फुलांसाठी पुण्या-मुंबईची माणसं पहाटे तीनला गाडी काढतात, त्यांच्याकडे तिने कधी फूल म्हणून पाहिलं असेल असं मला वाटत नाही. तिच्या लेखी पठारावर तीनच प्रकारचा पाला होता: म्हसरं खातात तो, खात नाहीत तो, आणि खाल्ला तर दुधाला वास मारतो तो. सोनकी, तेरडा, गेंद ही सगळी मंडळी दुसऱ्या रांगेतली. "शोभंची हायत," एवढंच ती म्हणायची, आणि त्या म्हणण्यात कौतुक नसायचं.

गेल्या भाद्रपदात ती गेली. ऐन हंगामात.

पठाराबद्दल आता पुष्कळ लिहिलं जातं. फुलांची रंगीत पुस्तकं निघाली आहेत, कुठल्या आठवड्यात कोणता रंग दिसेल याचे अंदाज वर्तमानपत्रांत येतात. त्या लिखाणात आत्या कुठेच नाही. असायचं कारणही नाही. ती काही कुणी संशोधक नव्हती की कार्यकर्ती. तिच्या सहा-सात म्हशी होत्या, दोन गाई होत्या, आणि जूनपासून दिवाळीपर्यंत त्यांना घेऊन ती वर जायची. पण हल्ली मला असं वाटू लागलंय की त्या पठाराची गोष्ट तिला वगळून सांगितली तर ती अर्धीच राहते.

ज्यांनी पठार पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पश्चिमेला पंचवीसएक किलोमीटर गेलं की हा माळ लागतो. उंची सुमारे १२०० मीटर. खाली सह्याद्रीचा काळा कातळ, त्यावर जांभ्याचा थर, आणि त्या जांभ्यावर माती म्हणाल तर कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. खळग्यांत साचेल ती आपली. पावसाळ्यात सगळं थबथबलेलं, एप्रिलमध्ये तव्यासारखं तापलेलं. मोठ्या झाडाला इथे मूळ धरता येत नाही, म्हणूनच वीतभर उंचीच्या झाडांचं फावतं. फुलणाऱ्या वनस्पतींच्या ८५० हून अधिक जाती इथे नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी आपलं सगळं आयुष्य चार महिन्यांत उरकतात. मातीत नत्र जवळजवळ नाहीच, तेव्हा काही झाडांनी किडे खायची विद्या शिकून घेतली. सीतेची आसवं म्हणून जे निळंजांभळं नाजूक फूल लोक गुडघे टेकून पाहतात, त्याच्या मुळाशी ओल्या मातीत बारीक फुगे असतात आणि त्या फुग्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. दवबिंदूच्या पानांवरचे चमकते थेंब दव नसून चिकट सापळे असतात. नावं इतकी हळवी आणि धंदा असला! आत्याला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा त्या झाडांविषयी थोडी आदराने बोलली. "मंग बराबर हाय. हितं कुनाला फुकाट न्हाय मिळत."

तिला स्वतःलाही मिळालं नव्हतं. आमचं मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यात. साठच्या दशकात धरणाचं पाणी चढलं आणि गाव खाली गेलं. आजोबा साताऱ्याला आले, हमाली केली, पुढे एका वखारीत लागले. आत्या तेव्हा दहा-बारा वर्षांची होती. माझे वडील तान्हे. त्यांना काही आठवायचं नाही, आणि तिला सगळं आठवायचं. कुठल्या बांधावर कोणतं आंब्याचं झाड, देवळाच्या मागे चिंच, शेजारणीची भातं. पाणी एका दिवसात आलं नाही, असं ती सांगायची. आधी खालची खाचरं गेली. मग एक दिवस विहीर कुठे होती ते कळेना. लोक रोज संध्याकाळी जाऊन पाणी कुठवर आलंय ते बघून यायचे. वीज साऱ्या महाराष्ट्राला मिळाली हे तिला ठाऊक होतं, आणि वीज वाईट असं ती कधीही म्हणाली नाही. पण "आमास्नी कुनी इचारलं न्हाय," हे वाक्य ती अगदी सहज म्हणायची, पाऊस पडला न्हाय म्हणावं तसं.

लग्न होऊन ती पठाराच्या गावात आली, तर तिच्या घरामागच्या कड्यावरून खाली शिवसागराचं, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचं, पाणी दिसायचं. तेच पाणी. उन्हाळ्यात ते उतरलं की ती हात डोळ्यांवर धरून बघत उभी राहायची. मामांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, त्याचा राग यायचा. तेही वर्षाचे दहा महिने मुंबईला माथाडी कामावर. ह्या बाजूच्या घराघरांतून माणसं पोती उचलायला मुंबईला गेली आणि मागे बायका, म्हातारे आणि म्हसरं राहिली.

शाळेला सुट्टी नसली तरी गणपतीत मला तिच्याकडे पाठवायचे. एसटी कासच्या तलावापाशी सोडायची. हा तलावही जुना; साताऱ्याला प्यायचं पाणी इथूनच जायचं. तिथून पुढे धुक्यातून चालत. तिच्या डोक्यावर इरलं, माझ्या अंगाला घोंगडी, आणि घोंगडीचा तो ओला लोकरीचा वास. पुढे चाललेली म्हैस दहा पावलांवर दिसेनाशी व्हायची, नुसती घंटा ऐकू यायची.

मला तेव्हा वाटायचं की म्हसरं मनाला येईल तिकडे हिंडतात आणि आत्या त्यांच्या मागे मागे जाते. तसं मुळीच नव्हतं. जूनमध्ये ती त्यांना माळावर येऊच द्यायची नाही. उतारावरच चारायची, कारण वर अजून काही उगवलेलं नसे आणि कोंबावर पाय पडला तर पुढे काय खाणार. श्रावणात वरचा कातळ शेवाळाने गुळगुळीत होतो, म्हैस घसरली की पाय मोडतो, म्हणून पाणथळीच्या बाजूला जायचंच नाही. म्हणजे सीतेची आसवं, गेंद, वायतुरा हे सगळे पाण्यातले जीव जेव्हा फुलतात, नेमक्या त्या दिवसांत तिची म्हसरं तिथे नसत. भाद्रपद सरता सरता पाणी ओसरलं की ती त्यांना तिकडे वळवायची. तोवर त्या फुलांचं बी गळून गेलेलं असे, आणि गवत मात्र कमरेला लागत असे. ते गवत म्हसरं फस्त करायची. टोपली कारवीच्या झुडपांतून तिची एक ठरलेली वाट होती. ही कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. ती फुलली की त्या वर्षी मधमाश्यांमुळे म्हसरं बुजतात, म्हणून वळसा घालायचा. हे तिला कुणी शिकवलं असं विचारलं, तर म्हणायची, सासूने. आणि सासूला? तिच्या सासूने. एवढ्यावर ते संपायचं.

हे सगळं करताना पठाराची राखण करावी हा विचार तिच्या मनात नव्हता. तिला म्हशीचा पाय सांभाळायचा होता. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण अशा बायकांना नंतर निसर्गरक्षक वगैरे करून टाकायची आपल्याकडे एक खोड आहे, आणि तिने ते ऐकून घेतलं नसतं.

त्या दिवसांत वर येणारे बाहेरचे लोक म्हणजे कोल्हापूरच्या विद्यापीठातली वनस्पतिशास्त्राची मुलं. खांद्याला पिशव्या, गळ्यात भिंगं, आणि पोटावर झोपून भुईला नाक लावलेलं. वायतुरा ही इथल्या पठारांवरची पाणवनस्पती १९८२ साली शास्त्राच्या दृष्टीने नव्याने वर्णन करून जगासमोर आली. साताऱ्याचंच नाव तिला शास्त्रीय नावात मिळालं. दोन फाट्यांचा तुरा पाण्याबाहेर काढून उभी असते. आत्याच्या दारावरून ही मुलं जात, चहा मागत, आणि ती त्यांना दुधाचा चहा देऊन बघत बसे. तिला त्यांची दया यायची. शिकून सवरून गवतात लोळायची पाळी आली, असं तिचं मत.

मग गर्दी आली. ती कधी आली ते नेमकं सांगता येत नाही. आधी शनिवार-रविवारी चार-दोन गाड्या. मग कुणाच्या तरी कॅमेऱ्यातले फोटो फिरले, मग मोबाइलमध्येच कॅमेरा आला. २०१२ च्या जुलैमध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा जाहीर केलं. महाराष्ट्रातली चार: कोयना, चांदोली, राधानगरी आणि हे कासचं पठार. बाकीची तीन जंगलं आहेत, तिथे आत शिरायला दार लागतं. हा मात्र डांबरी रस्त्याला लागून असलेला उघडा माळ. गाडी थांबवा, दार उघडा, पाय खाली टाका, तो फुलांवरच.

आणि लोकांनी टाकले. मी पाहिलंय. तेरड्याच्या गुलाबी ताटव्यात मधोमध आडवी झालेली माणसं, हनुवटीखाली हात घेऊन. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी आणि त्यांच्यामागे पांढरी पाखर धरून पळणारा माणूस. गाड्या सरळ माळावर चढवलेल्या. बोटभर मातीवर चाक फिरलं की खालचा जांभा उघडा पडतो आणि ती माती पुढच्या पावसात वाहून जाते. तिथे पुन्हा माती साचायला किती वर्षं लागतील याचा हिशेब कुणी करू शकत नाही. ही माणसं वाईट नव्हती. त्यांतली पुष्कळ खरंच हरखलेली असायची. त्यांना आनंद झालेला असायचा आणि त्या आनंदानेच ते तुडवत होते. ह्याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही.

काहीतरी करायला हवं हे सगळ्यांनाच दिसत होतं. वनखात्याकडे माणसं मोजकी, आणि माळ केवढा तरी. वनं सांभाळायला गावांना भागीदार करून घ्यायची कल्पना सरकारी कागदावर १९९० पासून होती, महाराष्ट्राने ती १९९२ मध्ये स्वीकारली. पण कागद आणि गाव यांच्यामध्ये पुष्कळ घाट असतात. इथे तो घाट चढला गेला, आणि त्याचं श्रेय कुणा एकाला देता येणार नाही. आटाळी, एकीव, कासाणी, कास अशा गावांच्या समित्या झाल्या. हंगामात तिकीट लागलं. गाड्या लांब उभ्या करायच्या आणि तिथून बसने यायचं असं ठरलं. पुढे दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली, नोंदणी ऑनलाइन झाली. गावातली पोरं शिट्ट्या घेऊन उभी राहिली, आणि ज्या पोरांनी मुंबईला पोती उचलली असती ती लोकांना कंदीलपुष्प कुठे बघायचं ते दाखवू लागली. तिकिटाच्या पैशातून त्यांचे पगार, स्वच्छतागृहं, कचऱ्याची गाडी.

ऐकायला सरळ वाटतं. पण त्या बैठका सरळ नव्हत्या. दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, एका समितीत होता; तो फोनवर सांगायचा. ह्या गावाच्या हद्दीतून रस्ता जातो आणि त्या गावाच्या हद्दीत फुलं येतात, मग पैसा कुणाचा? कणसाच्या गाड्या कुठे लावायच्या? पंधरा एकर मालकीची जमीन पठाराला लागून असलेल्याने हॉटेल काढलं तर त्याला अडवणारे आपण कोण? रात्री अकरा-अकरापर्यंत देवळात बसायचे, भांडायचे, उठून जायचे, दुसऱ्या दिवशी परत बसायचे. पुढारीपण म्हणतात ते मला ह्या भांडणांत दिसलं. भाषण कुणी करत नव्हतं. कुणीतरी रुसून बसलेल्या गावात चहा प्यायला जाऊन यायचा, एवढंच.

अशाच एका बैठकीला आत्या गेली. बायका सहसा जात नसत. ती गेली, मागे खांबाला टेकून बसली. फुलं वाचवायला चराई थांबवायची असा विषय होता, माळाला जाळी मारायची असाही. वनखात्याचे साहेब समजावून सांगत होते, आणि दादा म्हणतो की नीट, न चिडता सांगत होते. सगळं ऐकून झाल्यावर आत्या उठली. "एक डाव पान्यानं गाव न्हेलं," ती म्हणाली. "आता फुलं माळ न्हेनार व्हय?"

कुणी काही बोललं नाही. मग साहेबांनी तिला पुढे येऊन बसायला सांगितलं.

मला त्या पुढे बसण्याचं मोल मोठं वाटतं. जाळी टळली नाही. ती लागलीच, आणि म्हसरांची वाट बंद झाली. पण ह्या वेळी तिला विचारलं गेलं होतं, तिने नाही म्हटलं होतं, आणि ते नाही वहीत लिहिलं गेलं होतं. खोऱ्यात तेवढंही झालं नव्हतं. तिला स्वतःला हा फरक जाणवला का? मी एकदा विचारलं. "लिवलं त्येंनी," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात समाधान होतं की टोमणा, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

जाळीची गोष्ट पुढे गमतीशीर झाली. काही हंगाम गेल्यावर गावातली म्हातारी माणसं म्हणू लागली की फुलं कमी झाली आणि गवत माजलं. चराई थांबल्यामुळे उंच गवताखाली बारकी झाडं दबली, असं त्यांचं म्हणणं. गुरांच्या खुरांनी, शेणाने, दातांनी ह्या माळाचं जे चाललं होतं त्यात फुलांचाही वाटा होता. जाणकारांत ह्यावर एकमत नाही. फुलांचं कमी-जास्त पावसाच्या लहरीवरही असतं, गर्दीने झालेलं नुकसानही मोजायला हवं, आणि बेसुमार चराईने उजाड झालेले माळ महाराष्ट्रात कमी नाहीत. मला दोन्ही बाजू पटतात. मात्र एक गोष्ट मी पाहिली: ज्यांनी जाळी मागितली होती त्यांतल्याच काहींनी ती काढायची भाषा केली, आणि पुढे ती काढण्यात आली. केलेलं काम चुकलं असेल तर उलटं फिरवायचं, हे आपल्या सार्वजनिक जीवनात इतकं दुर्मीळ आहे, की त्या जाळीचे खांब उपटलेले पाहून मला त्या दिवशी बरं वाटलं.

आपल्याकडे माळाला मुळात कुणी मोजतच नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराब म्हणतात. झाड नाही म्हणजे काही नाही. साताऱ्याच्याच चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हाही तिथे काही नाही असंच गृहीत होतं; तिथे निळा गळपंखा उघडून माद्यांपुढे मिरवणारे सरडे होते, आणि २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवलं की चक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी होऊन त्या सरड्यांची संख्या आणि वागणूकसुद्धा बदलली. गर्दीची गोष्टही कासपुरती नाही. भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे बघायला मे-जूनच्या रात्री गाड्यांची रांग लागते, आणि काजव्यांना नेमका तोच उजेड सोसत नाही. उलट कोकणात वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, गावकऱ्यांच्या घरी राहतात, दोरीच्या मागे उभे राहतात. दोरी लहानशीच असते. तिच्या मागे उभं राहायला लोक तयार होतात, कारण दोरी धरणारा त्याच गावचा असतो आणि सकाळी त्यानेच त्यांना घावनं खायला घातलेली असतात.

तर तीन हजारांच्या मर्यादेवर माझा आक्षेप नाही. उलट ती आणखी कमी असावी असं मला वाटतं. पण ज्या माळावर मी अनवाणी पळाले, तिथे मला आता मोबाइलवरून वेळ घ्यावी लागते आणि आखलेल्या वाटेवरून चालावं लागतं. हा नियम योग्य आहे. नियम योग्य असला म्हणजे तो बोचत नाही असं थोडंच आहे? एखादी जागा नष्ट झाली तर तिच्यासाठी रडता येतं, कुणावर तरी रागावता येतं. ही जागा आहे, पहिल्यापेक्षा चांगली राखली जाते आहे, आणि तरी माझी म्हणून जी होती ती नाही. ह्या दुःखाला तक्रारीची सोय नाही. आत्या मात्र मला हसायची. "तुजं काय हाय तितं? तू तर पावनी."

तिचं होतं, आणि तिचंही गेलं. शेवटची काही वर्षं ती हंगामात रस्त्याच्या कडेला, ठरवून दिलेल्या जागेत, कणसं भाजत बसायची. एक म्हैस ठेवली होती, घरच्या दुधापुरती. लोक तिचे फोटो काढायचे, सुरकुत्यांचे. कुणी तिला विचारत, आजी, ह्या फुलाचं नाव काय? ती बिनदिक्कत म्हणायची, "नातवाला इचार, त्यो शिकलाय." नातवाला खरंच शंभर-दीडशे नावं येतात, शास्त्रीय सकट. तो समितीचं जॅकेट घालून ती नावं सांगत असताना ती त्याच्याकडे बघत राहायची, आणि तेव्हा तिच्या तोंडावर जे असायचं ते कौतुकच असायचं, ह्यात शंका नाही. म्हसरांच्या वाटा मात्र त्याला ठाऊक नव्हत्या. त्याने विचारल्या नाहीत, तिने सांगितल्या नाहीत. म्हसरंच नाहीत तर वाटा कशाला?

ती गेली तो रविवार होता. साताऱ्याहून आम्ही निघालो तर यवतेश्वरच्या घाटातच गाड्या अडकल्या. पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं, लोकांच्या दृष्टीने फुलांचा सगळ्यात चांगला दिवस. आमच्या पुढच्या गाडीच्या छतातून एक लहान मुलगी वर आली होती आणि हात पसरून ओरडत होती. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. दादाला फोन केला. पंधरा मिनिटांत समितीची दोन पोरं मोटारसायकलवर आली, शिट्ट्या वाजवत त्यांनी गाड्या एका बाजूला घ्यायला लावल्या, आणि आम्हाला वाट काढून दिली. कुणीतरी काच खाली करून विचारलं, व्हीआयपी आहेत का? पोरगा म्हणाला, "व्हय."

तिला खांदा द्यायलाही तीच पोरं होती. अंगातली जॅकेटं काढून घाटाई देवीच्या वाटेवर एका दगडावर घडी करून ठेवलेली. त्या दिवशीच्या तिकिटाचं काम कुणी सांभाळलं ते मी विचारलं नाही. शेजारच्या गावची पोरं आली होती, असं नंतर कळलं. ज्या गावाशी हद्दीवरून दोन वर्षं बोलणं बंद होतं, त्या गावची.

दिवस झाल्यावर वहिनीने म्हैस विकली. तिलाही आता होत नाही, गुडघे गेलेत, आणि दूध पिशवीतलं येतं. मी काही बोलले नाही. ती म्हैस माझी नव्हती.

मग पौषात दादाचा फोन आला. समितीत ठरत होतं की काही भागात, ठरावीक महिन्यांत, गुरं सोडून बघायची. थोडी गुरं, थोडे दिवस, आणि काय होतं ते लिहून ठेवायचं. साहेब नवे आहेत, ऐकून घेतात. परवानगीचं जमेल असं दिसतं. "पन सोडायची कुटली?" दादा म्हणाला. "आमच्या गावात धा म्हशी न्हाईत. खालनं आनली तर त्येंना वाट म्हाईत न्हाय. आय कुटनं न्यायची, तुला याद हाय का? तू जायचीस की तिच्याबरोबर."

मी सांगायला लागले. घराच्या मागून उताराने वर, घाटाईच्या झाडीला डावीकडे ठेवून, मग कारवीच्या झुडपांतून, श्रावणात पाणथळ टाळून. दादा लिहून घेत होता. मध्येच थांब म्हणायचा. पाणवठ्यापर्यंत मला अगदी स्वच्छ आठवत होतं. पुढे तिथून दोन वाटा फुटायच्या. एक भाद्रपदाआधीची आणि एक नंतरची. कोणती कुठली ते येईना. धुकं असायचं, मी खाली पायाकडे बघत चालायची, घंटा ऐकत.

"वहिनीला विचार," मी म्हटलं. "तिला ठाऊक असेल."

त्याने फोन तसाच बाजूला धरून आत हाक मारली. वहिनी काहीतरी निवडत बसली असावी, सुपाचा आवाज येत होता. तिने तिथूनच ओरडून सांगितलं, "मला कदी न्हेलंच न्हाय त्यांनी. म्हनायच्या, तू पोरांचं बग, म्हसरांचं मी बगते."

"मग मागच्या आळीतल्या म्हातारीला विचारू," दादा म्हणाला. "तिची नजर गेलीय, पन तिला उचलून वर न्हेली तर सांगंल. जॅकेटवाली चार पोरं लागतील. रविवार सोडून."